दारूने माणूस सुटतो की खंगतो?

दारू आणि शरीराचे वजन यांच्याविषयी आपल्याकडे दोन समज फार जुने आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. पहिला समज असा की दारूने, विशेषतः बीअरने, माणूस सुटतो. एखाद्या काडीपहिलवान मुलाला त्याचे मित्र मोठ्या आपुलकीने सल्ला देतात, "रोज एक बाटली घे, महिन्याभरात तब्येत होते की नाही बघ." दुसरा समज असा की दारूने माणूस खंगतो. गाल बसलेला, हातापायांच्या काड्या झालेला, अंगावर शर्ट लोंबत असलेला एखादा इसम प्रत्येक गल्लीत असतोच. "दारूने पार पोखरला बिचाऱ्याला," असे शेजारीपाजारी हळहळून म्हणतात.

एकच पदार्थ एकाला सुटवतो आणि दुसऱ्याला खंगवतो, हे कसे? दोन्ही समजांत तथ्य आहे. पण दोन्ही अर्धवट आहेत. ही दोन अर्धी सत्ये एकमेकांशी कशी जुळतात ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. दारू वाईट, ती पिऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. शरीरात गेल्यावर तिचे नेमके काय होते, एवढेच पाहावयाचे आहे.

हा विषय महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. अठरा ते पंचवीस या वयात घर सुटते, वसतिगृह आणि खानावळ नशिबी येते, आणि ज्यांची या पदार्थाशी ओळख व्हायची त्यांची ती बहुधा याच काळात होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के व स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का मद्यपान करतात. आपल्या सीमाभागाला तर गोवा हाकेच्या अंतरावर आहे. सहलीला जाऊन आलेला मुलगा वजनकाट्यावर उभा राहतो, काटा फारसा हललेला नसतो, आणि "आपल्याला काही बाधत नाही" असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. हा निष्कर्ष किती कच्चा आहे ते पुढे दिसून येईल.

मद्यार्क हे अन्न आहे काय?

देशी असो, विलायती असो, बीअर असो की काजूची फेणी असो, या सर्वांतील मूळ द्रव्य एकच, ते म्हणजे इथाइल अल्कोहोल किंवा मद्यार्क. हा मद्यार्क अन्न आहे की केवळ विष, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मोठे वादळ उठले होते. दारूबंदीच्या चळवळीचा जोर असल्यामुळे शाळाशाळांतून मद्यार्क हे विष होय, अन्न नव्हे, असे शिकवले जाई.

कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर या शास्त्रज्ञाने त्या वेळी एक विलक्षण उपकरण बांधले होते. उपकरण म्हणजे एक बंदिस्त लहानशी खोलीच होती. आत एक माणूस काही दिवस राही. तेथेच जेवी, तेथेच झोपे. आत जाणारी व बाहेर येणारी हवा मोजली जाई, आणि त्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णताही खेळत्या पाण्याच्या साहाय्याने अचूक मोजली जाई. ॲटवॉटर व त्याचा सहकारी बेनेडिक्ट यांनी या खोलीतील माणसांच्या आहारातील काही भाग काढून त्याऐवजी मद्यार्क दिला आणि काय होते ते पाहिले. त्यांचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. घेतलेल्या मद्यार्कापैकी ९८ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क शरीरात जळतो आणि त्यातून इतर अन्नाप्रमाणेच ऊर्जा मिळते, असा त्यातील निष्कर्ष होता. दारूबंदीवाले खवळले, दारू विकणाऱ्यांनी मात्र या निष्कर्षाचा जाहिरातीसाठी उपयोग करून घेतला. ॲटवॉटर स्वतः एका धर्मोपदेशकाचा मुलगा होता, हा त्यातील आणखी एक योगायोग.

ऊर्जेचे हे माप आपण उष्मांकांत, म्हणजे किलोकॅलरीत, सांगतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिन यांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेलतुपापासून ९, आणि एक ग्रॅम मद्यार्कापासून ७. म्हणजे मद्यार्क साखरेपेक्षा पुष्कळच वरचढ आणि तुपाच्या थोडाच खाली आहे. मात्र तुपाबरोबर जीवनसत्त्वे येतात, डाळीबरोबर प्रथिने येतात. मद्यार्काबरोबर ऊर्जेशिवाय काहीही येत नाही.

आता रोजच्या मापांत हिशेब करू. आपल्याकडील व्हिस्की किंवा रम यांच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा असतो. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, सुमारे ६१ ग्रॅम मद्यार्क असतो. त्याचे सव्वाचारशे उष्मांक झाले. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे १७५ उष्मांक असतात. तेव्हा एक क्वार्टर म्हणजे जवळजवळ अडीच भाकरी. ६५० मिलिलिटरच्या साध्या बीअरच्या बाटलीत ५ टक्के मद्यार्क धरला आणि त्यातील पिष्टमय भाग मिळवला, तर सुमारे २६० उष्मांक होतात. स्ट्राँग म्हणून जी बीअर मिळते तिच्यात मद्यार्क ८ टक्क्यांपर्यंत असतो; तिची एक बाटली ३७० उष्मांकांच्या घरात जाते.

एवढ्यावरून दारूने माणूस सुटलाच पाहिजे, असे वाटेल. पण शरीराचा कारभार इतका सरळ नाही.

जाळण्याच्या रांगेत पहिला मान

आपण खाल्लेले अन्न शरीर लगेच सगळे जाळत नाही. साखरेचा काही भाग यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवता येतो. स्निग्ध पदार्थ तर चरबी म्हणून वाटेल तेवढे साठवता येतात. मद्यार्काला मात्र शरीरात कोठार नाही. शिवाय तो रक्तात फार काळ फिरत राहणे धोक्याचे असते. म्हणून तो आत आला की शरीर बाकीची कामे मागे ठेवून आधी त्याची विल्हेवाट लावते.

हे काम मुख्यतः यकृत करते. तेथील एक विकर मद्यार्काचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइड या पदार्थात करते. हा पदार्थ मद्यार्कापेक्षाही विषारी असतो. दुसरे विकर त्याचे ताबडतोब ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. ॲसिटेट निरुपद्रवी असते. ते रक्तावाटे स्नायूंकडे, हृदयाकडे व इतर अवयवांकडे जाते आणि तेथे जळून जाते. यकृताचा हा वेग ठरलेला असतो, सर्वसाधारणपणे तासाला ७ ते १० ग्रॅम. कडक कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने तो वाढत नाही. एका क्वार्टरमधील मद्यार्क संपायला सहा ते नऊ तास लागतात, म्हणजे जवळजवळ सारी रात्र जाते.

या काळात शरीराच्या इतर इंधनांचे काय होते, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. एक उदाहरण घेऊ. एखाद्या घराच्या मागे लाकडाचा ढीग रचलेला आहे आणि रोजच्या चुलीला त्यातूनच जळण लागते. एके दिवशी कोणी तरी भुशाची गाडी अंगणात आणून ओततो. भुसा ठेवायला जागा नाही आणि ठिणगी पडली तर घराला धोका. घरची माणसे काय करतील? आधी भुसाच चुलीत घालून संपवतील. त्या दिवशी ढिगातले एकही लाकूड हलणार नाही, आणि नेहमीप्रमाणे नवी मोळी आली तर ती ढिगावरच जाऊन पडेल. भुशाचे लाकूड झाले नाही, पण ढीग मात्र वाढला.

शरीरात अगदी हेच घडते. १९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ॲटवॉटरच्या खोलीसारख्याच आधुनिक खोलीत आठ निरोगी पुरुषांना ठेवून प्रयोग केला. त्यांच्या ऊर्जेच्या सुमारे चतुर्थांशाएवढा मद्यार्क दिल्यावर चोवीस तासांत जळणाऱ्या चरबीचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या दुसऱ्या प्रयोगात केवळ २४ ग्रॅम मद्यार्क दिला होता. त्यापैकी ५ टक्क्यांहूनही कमी मद्यार्काची प्रत्यक्ष चरबी बनली; परंतु पुढचे काही तास चरबीचे ज्वलन ७३ टक्क्यांनी मंदावले.

तेव्हा "दारूची चरबी होते" हे विधान अक्षरशः घेतले तर चुकीचे आहे. दारूची चरबी फारशी होतच नाही. दारूबरोबर जे खाल्ले जाते त्याची चरबी होते, कारण ते जाळायला शरीराला सवड नसते.

ताटातला वाटा

आता दारूबरोबर काय खाल्ले जाते ते पाहू. भाजी-भाकरी किंवा वरणभात कोणी पुढ्यात घेऊन बसत नाही. खारे शेंगदाणे, फरसाण, भजी, कबाब, तळलेली मासळी, म्हणजे तेल आणि मीठ. ज्याची साठवण शरीराला सर्वांत सोपी जाते नेमका तोच पदार्थ, त्याचे ज्वलन थांबलेले असताना, आपण पोटात ढकलत असतो.

भुकेचाही येथे एक खेळ आहे. जेवणाआधी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर आपण जेवण कमी करतो. तेवढ्याच उष्मांकांची दारू प्यालो तर जेवण त्या मानाने कमी होत नाही. उलट पुष्कळांची भूक खवळते. हा केवळ मनाचा खेळ असावा, असे पूर्वी मानले जाई. २०१७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की उपासमारीच्या वेळी मेंदूतील ज्या पेशी "खा, खा" असा संदेश देतात, त्याच पेशी मद्यार्काने जाग्या होतात. पोटात ऊर्जा पडत असते आणि मेंदू मात्र दुष्काळाची दवंडी पिटत असतो. त्यात विवेकाचा लगाम सैल झालेला. दुसरी प्लेट मागवताना मग कोण विचार करतो?

शनिवारच्या एका रात्रीचा हिशेब मांडून पाहू. स्ट्राँग बीअरच्या दोन बाटल्या ७४०, तळलेले शेंगदाणे ५० ग्रॅम सुमारे २८०, फरसाण १०० ग्रॅम सुमारे ५५०. एकूण दीड हजारांच्या वर. जेवण याशिवाय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची दिवसाची गरज सुमारे २,११० उष्मांक आहे. म्हणजे एका बैठकीत दिवसाच्या गरजेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग जादा आत गेला. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. वर्षात अशा पन्नास रात्री झाल्या तर कागदावर जवळजवळ दहा किलोंची भर पडते. प्रत्यक्षात ती एवढी नसते. माणूस दुसऱ्या दिवशी कमी खातो, वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो. तरी हिशेबाची दिशा बदलत नाही.

बीअरने "तब्येत होते" या सल्ल्यातील तथ्य ते हे. काडीपहिलवान मुलाच्या वजनात भर पडेलही. पण ती दंडावर किंवा छातीवर पडणार नाही. ती पडेल पोटावर.

पाहण्या काय सांगतात?

हजारो लोकांच्या पाहण्या केल्यावर मात्र सरळ उत्तर मिळत नाही. थोडे पिणाऱ्यांचे वजन न पिणाऱ्यांपेक्षा जास्त नसल्याचे पुष्कळ पाहण्यांत आढळले; स्त्रियांत तर काही ठिकाणी ते कमीच दिसले. जास्त पिणाऱ्यांत मात्र वजन वाढण्याकडे कल दिसतो.

येथे घाईने निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पाश्चात्त्य देशांत जेवताना एखादा पेला घेणारी माणसे पुष्कळदा सुस्थितीतील, फिरायला जाणारी, खाण्यापिण्यात नेमस्त अशी असतात. त्यांचे वजन आटोक्यात असण्याचे श्रेय पेल्याला देणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला असे म्हणण्यासारखे आहे.

अमेरिकेतील १९९७ ते २००१ या काळातील राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या माहितीवरून दोन संशोधकांनी २००५ मध्ये एक उपयुक्त भेद दाखवला. किती दिवस प्यायले आणि पिण्याच्या दिवशी किती प्यायले, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. तेव्हा असे दिसले की स्थूलतेचा संबंध पिण्याच्या दिवशीच्या मात्रेशी आहे. मात्रा वाढत जाते तसे वजनही जास्त आढळते. तरुणांच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. तरुण मुले बहुधा रोज पीत नाहीत. सहा दिवस कोरडे जातात आणि सातव्या दिवशी सारी कसर भरून निघते. आठवड्याची सरासरी काढली तर आकडा निरागस दिसतो. शरीराला मात्र सरासरी कळत नाही. अमेरिकेतच किशोरवयापासून वर्षानुवर्षे ज्यांची नोंद ठेवली गेली अशा हजारो तरुणांच्या माहितीवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच आढळले. ऐन तारुण्यात एका बैठकीत भरपूर पिण्याची ज्यांना सवय होती त्यांचे वजन पुढील काही वर्षांत बेसुमार वाढण्याचा संभव अधिक होता.

वजनकाटा काय सांगत नाही

"पण माझे वजन तर वाढलेले नाही," असे कोणी म्हणेल. त्याने वजनकाट्यावर किती विसंबावे हे आता पाहू.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा तंतोतंत सारखा होता, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण मोजले तेव्हा युडकिन यांच्यात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. आपण भारतीय लोक काट्यावर सडपातळ असूनही आतून मेदस्वी असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला पटवले. ही चरबी बहुधा पोटात, आतड्यांभोवती व यकृतात साठते आणि मधुमेहाला निमंत्रण देते. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा घातली आहे. आधीच अशी ठेवण असलेल्या शरीरात दर आठवड्याला चरबीचे ज्वलन थांबवणे म्हणजे उतारावरच्या गाडीला धक्का देणे होय.

दुसरी गोष्ट स्नायूंची. आपल्या भागात तालमीची परंपरा मोठी आहे आणि आता गल्लोगल्ली व्यायामशाळाही झाल्या आहेत. सकाळी जोर-बैठका आणि रात्री बैठक, अशी दुहेरी साधना करणारे विद्यार्थी काही थोडे नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये आठ व्यायामपटू तरुणांवर एक प्रयोग झाला. कठोर व्यायामानंतर नुसती प्रथिने घेतली तेव्हा स्नायूंची जी बांधणी झाली, तिच्या तुलनेत प्रथिनांबरोबर भरपूर मद्यार्क घेतला तेव्हा ती २४ टक्क्यांनी कमी झाली. प्रथिने न घेता पिष्टमय पदार्थांबरोबर मद्यार्क घेतला तेव्हा ती ३७ टक्क्यांनी घटली. मात्रा मोठी होती, शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅम. पण सामना जिंकल्यावरच्या रात्री तेवढी मात्रा गाठणारे आपल्यातही आहेत. स्नायू कमी आणि चरबी जास्त, असा अदलाबदलीचा सौदा झाला तर काटा हलणारच नाही. सौदा मात्र तोट्याचाच झाला.

तिसरी गोष्ट यकृताची. न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स लीबर यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की उत्तम सकस आहार चालू असतानाही मद्यार्काने यकृतात चरबी साचते. "चांगले खाऊन प्यायले तर बाधत नाही" या समजाला हे उत्तर आहे. अशा यकृताचे दुखणे बाहेर जाणवत नाही. सुदैवाने ही पहिली पायरी परतीची आहे; पिणे थांबवले तर काही आठवड्यांत यकृत पुष्कळसे पूर्ववत होते. मात्र वजनही जास्त आणि पिणेही जास्त असे दोन्ही एकत्र आले, तर यकृताची हानी दोहोंच्या बेरजेपेक्षाही अधिक होते, असे स्कॉटलंडमधील पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासातून २०१० मध्ये आढळून आले.

मग माणूस खंगतो तो कसा?

आता दुसऱ्या समजाकडे वळू. लीबर व पिरोला यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात रुग्णालयात देखरेखीखाली असलेल्या माणसांच्या आहारातील निम्मे उष्मांक काढून तेवढेच मद्यार्काने भरून दिले. हिशेबाप्रमाणे वजन कायम राहावयास हवे होते, ते घटले. याचे एक कारण असे, की सतत व भरपूर पिणाऱ्याच्या यकृतात मद्यार्क जाळण्याची दुसरी, आडवाटेची यंत्रणा जोर धरते. या यंत्रणेत ऊर्जा शरीराच्या उपयोगी न पडता उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लोक म्हणतात, "आता त्याला चढतच नाही." ते या यंत्रणेचेही लक्षण असू शकते. ते ताकदीचे चिन्ह नव्हे.

परंतु खंगण्याची मुख्य कारणे याहून साधी आहेत. व्यसन जडलेल्या माणसाच्या आयुष्यात दारू जेवणाबरोबर राहत नाही. ती जेवणाची जागा घेते. पैसा तिकडे जातो, भूक मरते, जठराला सूज येते, सकाळी उलट्या होतात. स्वादुपिंड बिघडले तर खाल्लेले पचत नाही. ब-१ जीवनसत्त्व आतड्यांतून नीट शोषले जात नाही. त्याच्या तीव्र अभावाने मेंदूला होणारा विकार कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टराने १८८१ मध्येच वर्णन करून ठेवला आहे. प्रथिनांअभावी शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते. मांड्या-दंड सुकतात.

अशाही स्थितीत काहींचे पोट मोठे दिसते. "बघा, अंग वाळले तरी ढेरी आहेच," असे लोक म्हणतात. ती ढेरी चरबीची नसते. यकृत कठीण झाल्यावर पोटात पाणी साचते, त्याला आपल्याकडे पूर्वापार जलोदर म्हणतात. या टप्प्यावर वजनकाटा पुन्हा खोटे बोलतो. साचलेल्या पाण्याच्या वजनामागे झिजलेला माणूस लपून राहतो.

सुटणे आणि खंगणे ही तेव्हा दोन वेगळ्या माणसांची लक्षणे असलीच पाहिजेत असे नाही. एकाच वाटेवरचे ते दोन टप्पे असू शकतात. पहिल्या टप्प्यात दारू जेवणात भर घालते, दुसऱ्यात ती जेवणाला हुसकावून लावते. वाटेवर पाऊल टाकणारा प्रत्येकजण शेवटापर्यंत जातो असे मुळीच नाही. पण मधल्या काळात ज्याचे वजन कमी होऊ लागते तो "बरे झाले, उतरलो" म्हणून खूश होतो. त्याने खरे तर डॉक्टरांकडे जावयास हवे.

पळवाटा

हे सारे ऐकून हुशार विद्यार्थी पळवाटा शोधतात. एक पळवाट अशी की रात्री प्यायचे आहे म्हणून दिवसभर उपाशी राहायचे, म्हणजे हिशेब बरोबर. वजनाची धास्ती असलेल्या मुलामुलींत हा प्रकार देशोदेशी आढळला आहे. तो सर्वांत धोक्याचा आहे. रिकाम्या पोटी मद्यार्क झपाट्याने रक्तात चढतो. शिवाय उपाशीपोटी रक्तातील साखर टिकवण्यासाठी यकृत नवी साखर तयार करत असते. मद्यार्क जाळण्याच्या गडबडीत ते काम थंडावते. साखर उतरून माणूस बेशुद्ध पडला, तर "चढली आहे, झोपू द्या" म्हणून मित्र त्याला तसाच सोडून जातात. हाका मारूनही जागा न होणाऱ्याला एका कुशीवर वळवून ताबडतोब दवाखान्यात नेणे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी पळवाट बीअरऐवजी व्होडका-जिन घेण्याची. त्यात साखर नसते म्हणून. साखर नसते हे खरे, पण उष्मांक मुख्यतः मद्यार्काचे असतात आणि चरबीचे ज्वलन मद्यार्कानेच थांबते. त्यात ३०० मिलिलिटर गोड शीतपेय मिसळले की आणखी सव्वाशेच्या वर उष्मांक येतातच. तिसरी पळवाट दुसऱ्या दिवशी धावून घाम गाळण्याची. घामावाटे मद्यार्क जातो तो नाममात्र; आणि रात्रीच्या बिघडलेल्या झोपेनंतर धावण्याचे त्राण कितीसे उरणार?

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, की आरोग्याच्या दृष्टीने पूर्णपणे निर्धोक अशी मद्यार्काची कोणतीही मात्रा नाही. कर्करोगाशी असलेला त्याचा संबंध तर १९८८ पासून मान्य झालेला आहे. तेव्हा जो पीत नाही त्याने "तब्येत करण्यासाठी" सुरुवात करावी, याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. त्या मुलाला दूध, डाळ, अंडी, शेंगदाणे, पोटभर भाकरी आणि तालीम यांनी जे मिळेल ते बाटली देऊ शकत नाही. जो पितो त्याने निदान वजनकाट्याचा दाखला देणे सोडावे. एका बैठकीत किती पितो ते मोजावे, कमरेला टेप लावावी आणि वर्षातून एकदा यकृताची तपासणी करून घ्यावी. आणि ज्याला सकाळी हात थरथरल्याशिवाय राहत नाहीत, त्याने एकट्याने, एकदम थांबवण्याचे धाडसही करू नये. तेही जिवावर बेतू शकते. त्यासाठी बंगळूरच्या निम्हान्समध्ये स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, आणि जवळच्या शासकीय रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञही आहेत. तेथे जाण्यात कमीपणा नाही. पोटदुखीसाठी डॉक्टरांकडे जाताना आपल्याला लाज वाटत नाही. यासाठीही वाटण्याचे कारण नाही.